जुनी मोटार आणि घरचा कारागीर

मुंबईच्या रस्त्यांवर सुमारें साठ वर्षें धांवत असलेली काळ्या-पिवळ्या रंगाची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्यें निवृत्त झाली. टॅक्सीसाठीं ठरविलेली वीस वर्षांची वयोमर्यादा शेवटच्या गाडीनेंही गांठली आणि एक ओळखीचा आवाज शहरांतून नाहींसा झाला. ही गाडी मुंबईंतच, कुर्ल्याच्या कारखान्यांत तयार होत असे. वालचंद हिराचंद यांच्या पुढाकारानें १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन झाली. इटलींतील फियाट कंपनीच्या सहकार्यानें तिनें १९६४ सालीं ‘फियाट ११०० डिलाइट’ ही गाडी काढली, आणि पुढील दशकांत तिलाच ‘प्रीमियर पद्मिनी’ हें नांव मिळालें. चालू शतकाच्या आरंभीं तिचें उत्पादन थांबलें.

टॅक्सी गेली, तरी खासगी मालकीच्या कित्येक पद्मिनी अद्याप घरोघरच्या पत्र्याच्या शेडखालीं उभ्या आहेत. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांनीं संपते. त्यानंतर गाडी तपासणींत योग्य ठरली, तर तिचें पांच पांच वर्षांसाठीं नूतनीकरण करून घेतां येतें. म्हणून जुनी गाडी बाळगणाऱ्याला ती नीट ठेवणें हें केवळ हौसेचें नव्हे, तर गरजेचेंही काम असतें.

या गाडीचें मोठें आकर्षण असें कीं, ती समजते. पुढचें झांकण उघडलें कीं १०८९ घनसेंटिमीटरांचें, चार सिलिंडरांचें इंजिन डोळ्यांसमोर येतें. कार्बुरेटर कोणता, पाणी कोणत्या नळींतून जातें, प्लगांच्या तारा कोठून निघतात, हें शाळेंतल्या मुलालाही बोट ठेवून दाखवितां येतें. आजच्या मोटारींत असतो तसा संगणक तिच्यांत नाहीं. त्यामुळें पान्ह्यांचा एक संच, एक स्क्रू-ड्रायव्हर आणि थोडें जुनें फडकें एवढ्या भांडवलावर तिची पुष्कळशी देखभाल घरच्या घरीं होऊं शकते. त्यांत पैसा वांचतो आणि आनंदही मिळतो. मात्र जें डोळ्यांना दिसतें तें सगळें समजलेंच, असा समज होण्याचा धोकाही याच ठिकाणीं असतो. घरगुती दुरुस्तींतले बहुतेक अपघात या समजांतून होतात, आणि ते घरोघर सारखेच असतात. एका घराची कल्पना करून ते क्रमानें पाहिले, तर त्यांतील कार्यकारणभाव नीट ध्यानांत येईल.

हें घर घाटमाथ्यावरील एका तालुक्याच्या गांवीं आहे असें समजावें. घरांत पोस्टखात्यांतून निवृत्त झालेले काका, काकू आणि शास्त्रशाखेंत शिकणारा पुतण्या. थोरल्या बंधूंच्या मागें त्यांची पद्मिनी काकांकडे आली. पावसाळ्यापूर्वीं दर रविवारीं एकेक काम हातीं घेऊन गाडी चालती करावयाची, असा चुलत्या-पुतण्यांचा बेत ठरला.

पहिल्या रविवारीं बॅटरीची पाळी आली. तिच्या टोकांवर पांढरट-हिरवट क्षार जमला होता, म्हणून ती उतरवून स्वच्छ करावयाची होती. पुतण्यानें धन टोकाचा नट आधीं सोडावयास घेतला. पान्हा लांब होता. त्याचें दुसरें टोक गाडीच्या पत्र्याला टेंकलें आणि लखकन् मोठी ठिणगी उडाली. पान्ह्याला खळगा पडला, हात मात्र थोडक्यांत वांचला. याचें कारण साधें आहे. या गाडींत बॅटरीचें ऋण टोक जाड तारेनें गाडीच्या लोखंडी अंगालाच जोडलेलें असतें. म्हणजे सबंध गाडी हीच विजेची परतीची वाट होय. धन टोकाला लावलेला पान्हा पत्र्याला लागला कीं दोन्ही टोकें थेट जोडलीं जातात, आणि बारा व्होल्टांची गरीब दिसणारी बॅटरी क्षणांत शेंकडों अँपिअरांचा प्रवाह सोडते. म्हणून काढतांना ऋण टोक आधीं काढावें, आणि जोडतांना तें सर्वांत शेवटीं जोडावें. ऋण टोकाचा पान्हा पत्र्याला लागला तरी कांहीं बिघडत नाहीं, कारण तें टोक आणि पत्रा हीं आधींच जोडलेलीं आहेत.

येथें आणखी एक धोका दडलेला असतो. भारित होत असलेल्या बॅटरींतून हायड्रोजन वायु निघतो, आणि त्याला पेट घेण्यास एक ठिणगी पुरते. आंतील पाण्याची पातळी पाहण्यासाठीं काडी ओढून आंत डोकावणें म्हणजे तोंडाशीं स्फोट ओढवून घेणें होय. पातळी उतरली असल्यास केवळ ऊर्ध्वपातित पाणी घालावें. आम्ल घालूं नये. कारण वाफ होऊन जातें तें पाणी, आम्ल आंतच राहतें.

पुतण्याला हें सारें पुस्तकांत ठाऊक होतें. ‘शॉर्ट सर्किट’ची व्याख्या त्यानें परीक्षेंत बिनचूक लिहिली असती. पण ती व्याख्या आणि हातांतला पान्हा यांची गांठ त्या दिवसापर्यंत पडलेली नव्हती.

दुसऱ्या रविवारीं प्लग साफ करण्यास काढले. चारही तारा पुतण्यानें एकदम उपटल्या आणि प्लग ओळीनें फडक्यावर मांडले. साफ केलेले प्लग परत बसवितांना पहिलाच प्लग पान्ह्यानें फिरवूं लागतांच काका म्हणाले, “थांब रे बाळ, आधीं बोटांनीं फिरव.” हा सल्ला मोलाचा होता. प्लग ज्या भागांत बसतो तें या इंजिनाचें हेड अॅल्युमिनियमचें असतें, आणि प्लगाचे आंटे पोलादाचे असतात. पोलाद कठीण, अॅल्युमिनियम मऊ. प्लग थोडा तिरपा धरून पान्ह्यानें जोर केला, तर पोलाद मऊ धातूंत स्वतःची नवी वाट कापीत जातें आणि मूळचे आंटे कायमचे बिघडतात. मग हेड उतरवून लेथवाल्याकडे नेण्यावांचून गति नसते. बोटांना जोर कमी असतो, हाच येथें त्यांचा गुण आहे. प्लग वांकडा बसूं लागला कीं बोटें अडतात. पान्हा अडत नाहीं.

प्लग वांचले, पण तारांनीं घोटाळा केला. कोणती तार कोणत्या प्लगाची, याची खूण कोणीच ठेवलेली नव्हती. पुतण्यानें एक, दोन, तीन, चार अशा ओळीनें त्या लाविल्या. गाडी सुरू होईना. उलट कार्बुरेटरांतून धाडकन् बार मात्र झाला. चार सिलिंडरांच्या इंजिनांत स्फोट ओळीनें होत नाहींत. दांड्यावर पडणारे धक्के सारखे विभागले जावे, म्हणून या इंजिनांत तो क्रम एक, तीन, चार, दोन असा ठेवलेला असतो. क्रम चुकला कीं एखाद्या सिलिंडरांत पेट्रोल-हवेचें मिश्रण आंत येत असतांनाच ठिणगी पडते, आणि ज्वाला उघड्या झडपेंतून उलट कार्बुरेटरकडे धांवते. यावर उपाय एका पैशाचाही नाहीं. एका वेळीं एकच तार काढावी आणि ती लावल्यावर दुसरीस हात घालावा. किंवा प्रत्येक तारेला कागदाची चिठ्ठी बांधावी. उलगडण्याचा क्रम लिहून ठेवला म्हणजे जोडण्याचा क्रम त्याच कागदावर खालून वर वाचतां येतो.

तिसऱ्या रविवारीं चूक काकांच्या हातून झाली. इंजिनाचें तेल बदलावयाचें होतें. तेल कोमट असतांना सोडावें म्हणजे तें पातळ होऊन गाळासह उतरतें, हें त्यांना ठाऊक होतें, आणि तेवढें त्यांनीं बरोबर केलें. पण चेंबरचा बोल्ट परत बसवितांना तो गळूं नये म्हणून त्यांनीं पान्ह्याच्या दांड्यावर हातभर लांब नळी चढविली आणि सर्व ताकदीनें आंवळला. तरफेचा नियम सर्वांना ठाऊक आहे. दांडा दुप्पट लांब केला कीं तोच हात दुप्पट पीळ देतो. बोल्टाचे आंटे तुटले आणि जें गळूं नये म्हणून एवढा खटाटोप केला, तें थेंब थेंब गळूं लागलें. बोल्ट तेल अडवितो तो केवळ जोरानें नव्हे. त्याच्याखालचा मऊ वायसर दबून फटी बुजवितो म्हणून. जुना वायसर एकदां दबलेला असतो. तो बदलून बोल्ट बेताचा आंवळला असता, तर नळीची गरजच पडली नसती.

त्यानंतर तेल भरतांना आणखी एक फसगत झाली. शेडमधली जमीन एका बाजूला उतरती होती. पट्टीवर तेल कमी दिसलें, म्हणून काकांनीं आणखी ओतलें. आणि गाडी सपाट अंगणांत आणल्यावर तें खुणेच्या बरेंच वर गेलेलें आढळलें. अधिक तेल म्हणजे अधिक संरक्षण, असें नसतें. पातळी फार वाढली तर फिरता दांडा तेल घुसळतो, त्याचा फेंस होतो, आणि फेंसांतील हवा धातूच्या दोन पृष्ठांना वेगळें ठेवूं शकत नाहीं. म्हणून गाडी सपाटीवर उभी करून, इंजिन बंद केल्यावर कांहीं मिनिटें थांबून, पट्टी पुसून मगच तेल मोजावें. काढलेलें काळें तेल पुतण्या मागच्या गटारांत ओतणार होता. काकूंनीं त्याला अडविलें. तें गटार ज्या ओढ्याला मिळतें, त्याच्याच कडेला विहीर होती. झिजलेल्या धातूचे कण आणि जळक्या तेलांतील विषारी द्रव्यें जमिनींत मुरलीं, तर तीं पिण्याच्या पाण्यापर्यंत पोंचावयास उशीर लागत नाहीं. असें तेल झांकणाच्या डब्यांत भरून, जुनें तेल गोळा करणाऱ्याकडेच दिलें पाहिजे.

येथवर झालेली हानि पैशाची आणि वेळेची होती. यापुढें मात्र प्रकरण अंगाशीं येऊं लागलें.

वैशाखांतल्या भर दुपारीं गाडी तळ्यापर्यंत नेऊन आणली. परत येतांच पुढच्या झांकणाखालून वाफ दिसूं लागली. काकांनीं घाईनें रेडिएटरचें झांकण फिरविलें. कढत पाणी कारंज्यासारखें उसळलें आणि त्यांचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. उघड्या पातेल्यांत समुद्रसपाटीला पाणी शंभर अंश सेल्सियसला उकळतें. रेडिएटरचें स्प्रिंगचें झांकण मात्र आंतील दाब वाढूं देतें, आणि दाब वाढला कीं उत्कलनबिंदूही वर चढतो. त्यामुळें आंतील पाणी शंभर अंशांहून अधिक तापूनही पाणीच राहतें. झांकण काढतांच दाब एकाएकीं उतरतो आणि तेंच पाणी त्या क्षणीं उकळून वाफेसह बाहेर उडतें. स्वयंपाकघरांतील प्रेशर कुकरची शिट्टी उडविल्यावांचून झांकण कोणी उघडीत नाहीं. रेडिएटरही त्याच जातीचा आहे. इंजिन बंद करून अर्धा तास तरी थांबावें. झांकण हाताला सोसेल इतकें निवल्यावरच तें जाड फडक्यानें, पहिल्या खांचेपर्यंत हळू फिरवावें, आणि सुस्कारा थांबल्यावर काढावें. तापलेल्या इंजिनांत एकदम थंड पाणीही ओतूं नये. धातु एका बाजूनें आकसून त्याला तडा जातो. काकूंनीं त्या प्रसंगीं शाई अथवा दंतमंजन न लावतां काकांचा हात वीस मिनिटें वाहत्या गार पाण्याखालीं धरला आणि मग त्यांना दवाखान्यांत नेलें, म्हणून जखम लवकर भरली.

पुढच्या रविवारीं पेट्रोलचा वास येऊं लागला. जुन्या रबरी नळीला बारीक भेगा पडल्या होत्या. हा प्रकार अलीकडे अधिक दिसतो, आणि त्याला कारण आहे. २०२५ सालापासून देशांत मिळणाऱ्या पेट्रोलमध्यें सुमारें वीस टक्के इथेनॉल मिसळलेलें असतें. जुन्या गाड्यांच्या नळ्या आणि पॅकिंगें या मिश्रणासाठीं बनविलेलीं नव्हतीं. इथेनॉलनें तीं फुगतात, कडक होतात किंवा चिरतात. शिवाय इथेनॉल हवेंतील ओल शोषून घेतें. गाडी सबंध पावसाळा उभी राहिली, तर ओल धरलेलें इथेनॉल पेट्रोलपासून वेगळें होऊन टाकीच्या तळाशीं बसतें आणि तेथें गंज चढतो. म्हणून जुन्या गाडीच्या मालकानें इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या बसवून घ्याव्या, आणि जुनें पेट्रोल महिनोन्महिने टाकींत ठेवूं नये.

नळी बदलतांना निघालेलें वाटीभर पेट्रोल पुतण्यानें कार्बुरेटरचे भाग धुण्यासाठीं परातींत घेतलें आणि तो अंगणांत बसला. पांच-सहा हातांवर आंघोळीच्या पाण्याचा बंब पेटलेला होता. परात बंबापासून दूर आहे, असें त्याला वाटलें. पण पेट्रोलची वाफ हवेपेक्षां जड असते. ती वर उडून जात नाहीं. पाण्यासारखी जमिनीसरशी पसरते. डोळ्यांना न दिसणारी ती वाफ बंबापर्यंत पोंचली, आणि ज्वाला जमिनीवरून धांवत परातीपाशीं आली. पुतण्या मागें उडाला. काकू बादली घेऊन धांवल्या, तों काका ओरडले, “पाणी नको, माती टाका!” पेट्रोल पाण्यावर तरंगतें; पाण्यानें आग विझण्याऐवजीं पसरली असती. कुंड्यांची माती आणि ओलें पोतें टाकल्यावर ती विझली. पुतण्याच्या भुवया जळाल्या, एवढ्यावर निभावलें. पेट्रोल हें धुण्याचें द्रव्य नव्हे, आणि ज्या अंगणांत विस्तव आहे तेथें तें उघडें ठेवूंच नये, हा धडा त्या घरानें घेतला. याच्याच जोडीचा दुसरा नियम असा कीं, दार बंद केलेल्या शेडमध्यें इंजिन चालूं ठेवूं नये. धुरांतील कार्बन मोनॉक्साइडला रंग नाहीं, वास नाहीं. मनुष्याला गुंगी येते आणि तो उठूंच शकत नाहीं.

शेवटीं ब्रेकची पाळी आली. मुलगी आणि नात सुटीसाठीं आलेल्या होत्या. बुधवारीं त्यांना घाट उतरून स्टेशनावर पोंचवावयाचें होतें. त्यापूर्वीं मागच्या चाकाचा ब्रेक उघडून पाहावा, म्हणून रविवारीं सकाळीं डावें मागचें चाक जॅकवर उचललें. हातब्रेकची तार सैल होती, म्हणून गाडी नुसती गिअरमध्यें ठेवली. आधाराला खालीं दोन विटा लाविल्या. चाक काढून झालें. पुतण्या खालीं सरकणार, इतक्यांत काकूंनीं चहासाठीं हांक मारली. तो दहा पावलें गेला असेल-नसेल, तोंच गाडी पुढें सरली, जॅक आडवा झाला, विटांचा चुरा झाला आणि ब्रेकचा लोखंडी ड्रम जमिनींत रुतला. चहाची हांक आली नसती तर काय झालें असतें, हें कोणीच बोललें नाहीं.

गिअरमध्यें ठेवलेली गाडी सरली कशी? पद्मिनीचीं मागचीं चाकें इंजिनाला थेट जोडलेलीं नसतात. मध्यें डिफरन्शियल असतें. वळणावर बाहेरचें चाक अधिक फिरावें आणि आंतलें कमी, यासाठीं ती योजना आहे. तिच्यामुळेंच, इंजिन अडलेलें असतांही एक चाक पुढें आणि दुसरें मागें फिरूं शकतें. दोन्ही चाकें जमिनीवर असतांना हें घडत नाहीं. पण एक चाक अधांतरीं झालें कीं तें मोकळेपणें उलट फिरतें, आणि जमिनीवरचें चाक गाडीला घेऊन सुटतें. म्हणजे गिअरचा भरवसा नेमका अशाच वेळीं निकामी ठरतो. म्हणून मागचें चाक उचलतांना हातब्रेक नीट लागत असलाच पाहिजे, आणि जमिनीवरच्या चाकांना पुढून-मागून लांकडी पाचरा लाविल्या पाहिजेत. जागा सपाट व टणक असावी. चाकाचे बोल्ट गाडी उचलण्यापूर्वींच थोडे सैल करून घ्यावे. जॅक हा उचलण्यासाठीं आहे, धरून ठेवण्यासाठीं नव्हे. धरण्यासाठीं लोखंडी घोडीच हवी. वीट भिंतींत सारखें ओझें वर्षानुवर्षें सोसते. पण तिच्या एका कोपऱ्यावर भार आला कीं ती न सांगतां फुटते. आणि घोडी असली तरी गाडीखालीं शिरण्यापूर्वीं गाडीला हातानें हलवून पाहावें.

दुपारीं शेजाऱ्यांकडून दोन घोड्या आणि पाचरा आणून काम पुढें चाललें. ब्रेकची धूळ पुतण्या फुंकणार होता, पण काकांनीं ती ओल्या फडक्यानें पुसविली. जुन्या ब्रेक-लायनरांत अॅस्बेस्टॉस असे. त्याचे तंतु फुप्फुसांत गेले तर वर्षांनंतर प्राणघातक रोग जडतात. सर्व जागच्या जागीं बसलें. आतां फक्त ब्रेक ऑइलची पातळी थोडी कमी दिसत होती. इंजिनांत घालून उरलेलें तेल डब्यांत होतेंच. पुतण्यानें विचार केला, हेंही ऑइल, तेंही ऑइल. आणि ब्रेकच्या लहानशा टाकींत तें भरलें.

मंगळवारीं संध्याकाळीं काकांनीं गाडी सहज गल्लींत फिरविली. दोन-तीन वेळां ब्रेक दाबल्यावर गाडी जड वाटूं लागली. पाय काढला तरी ब्रेक सुटेना. चाकांपाशीं करपट वास आला. त्यांनीं ती तेथेंच उभी करून ओळखीच्या म्हाताऱ्या मिस्त्रींना बोलाविलें. मिस्त्रींनीं टाकीचें झांकण उघडून बोट बुडविलें, तें चोळून पाहिलें, आणि विचारलें, “अण्णा, यात काय घातलंत?” पुतण्यानें डबा दाखविला. मिस्त्री जमिनीवर बसले. “नाव ऑइल दोघांचं,” ते म्हणाले, “पण हे त्याचं वैरी आहे. उद्या घाटात गेला असता तर परत आला नसता.”

ज्याला बाजारांत ब्रेक ऑइल म्हणतात, तें खनिज तेल नव्हेच. तें ग्लायकोल जातीच्या द्रवापासून बनतें. पायानें दाबलेला जोर या द्रवामार्फत चारही चाकांपर्यंत पोंचतो, आणि वाटेंत तो गळूं नये म्हणून ठिकठिकाणीं लहान रबरी वाट्या बसविलेल्या असतात. हें रबर ब्रेकच्या द्रवालाच साजेसें केलेलें असतें. खनिज तेल लागलें कीं तें तेल पिऊन फुगतें आणि मऊ पडतें. फुगलेली वाटी द्रवाची परतीची वाट बंद करते, म्हणून ब्रेक सुटत नाहीं. घांसून घांसून ड्रम तापतात. आणि पुढें तीच वाटी फाटली तर ब्रेक लागतच नाहीं. बहुतेक जुन्या गाड्यांत चारही चाकांना मिळून द्रवाचा मार्ग एकच असतो. तो एका ठिकाणीं फुटला कीं चारही चाकांचा ब्रेक एकदम जातो, आणि हाताशीं उरतो तो तारेवर चालणारा हातब्रेक. या गाडीची ती तारही सैल होती.

मिस्त्रींनीं सारा द्रव काढून टाकला, नळ्या धुतल्या, आणि मुख्य सिलिंडरापासून चारही चाकांपर्यंतचें प्रत्येक रबर बदललें. एकही जुनी वाटी त्यांनीं ठेवूं दिली नाहीं, कारण तेल प्यालेलें रबर पुसून पूर्ववत् होत नाहीं. मग चाकामागून चाक घेऊन नळ्यांतील हवा काढली. द्रव दाबला जात नाहीं, हवा दाबली जाते. नळींत बुडबुडा राहिला तर पायाचा जोर तो बुडबुडा दाबण्यांतच खर्च होतो. आणखी एक गोष्ट त्यांनीं पुतण्याला समजावून दिली. ब्रेकचा द्रव जळून किंवा उडून कमी होत नाहीं. पातळी उतरली, तर लायनर झिजले आहेत किंवा कोठें तरी गळती आहे, असें ती सांगत असते. कारण न शोधतां वरून भरणें म्हणजे तें सांगणाऱ्याचें तोंड बंद करणें होय. हा द्रवही हवेंतील ओल शोषतो, म्हणून साधारण दोन वर्षांनीं तो सबंध बदलावा, आणि सीलबंद डब्यांतलाच वापरावा.

बुधवारीं मुलगी आणि नात एस्. टी.नें स्टेशनावर गेल्या.

या सर्व प्रसंगांत अज्ञान थोडें आणि घाई फार होती. काकांना प्रेशर कुकर ठाऊक होता, पुतण्याला डिफरन्शियलची आकृति काढतां येत होती; उणीव होती ती हात घालण्यापूर्वीं ‘हें असें कां बसविलें आहे’ हा प्रश्न विचारण्याची. इंजिन पुष्कळ क्षमा करतें. तारा चुकल्या तर तें फार तर सुरू होत नाहीं. तेल अधिक झालें तर तें काढतां येतें. पण गाडीचें वजन, पेट्रोलची आग आणि उतारावरची गति हीं तीन क्षमा करीत नाहींत. म्हणून घरच्या कारागिरानें कामांची वांटणी आधींच करून ठेवावी. प्लग, बॅटरी, इंजिनाचें तेल, हवा-गाळणी, पंख्याचा पट्टा, रेडिएटरचें पाणी हीं कामें निवांतपणें, पुस्तक शेजारीं ठेवून घरीं करावीं. ब्रेक, स्टिअरिंग आणि गाडीखालीं शिरून करावयाचीं कामें जाणत्या मिस्त्रीसमोर, निदान त्याच्या तपासणीखालीं व्हावीं. आणि कोणतेंही काम झाल्यावर पहिला फेरा एकट्यानें, सपाट जागीं, हळू आणि हातब्रेकची खात्री करूनच घ्यावा. काकांनीं मंगळवारीं संध्याकाळीं मारलेल्या गल्लींतल्या त्या फेरीला दहा मिनिटें लागलीं होतीं.

त्या घरांत आतां शेडच्या खुंटीला एक वही टांगलेली असते. तींत प्रत्येक कामाची तारीख, काढलेल्या भागांचा क्रम आणि झालेली चूक लिहिली जाते. चुका पुतण्यानें स्वतःच्या अक्षरांत लिहिल्या आहेत. भाजलेल्या हाताची नोंद मात्र काकांच्या अक्षरांत आहे. फळीवर इंजिनाच्या तेलाचा आणि ब्रेकच्या द्रवाचा असे दोन डबे आतां दोन टोकांना ठेवलेले असतात, आणि दुसऱ्यावर काकूंनीं कुंकवाचा ठसठशीत टिळा लावला आहे.